घड्याळांनी खाल्लेली जागा

३ फेब्रुवारी

चि. मास्तरीणबाई हिस,
अ. उ. आ.

मावशी या वयात इंग्रजीच्या वर्गाला जाते हे ऐकून तू पोट धरून हसलीस, असं तुझी आई सांगत होती. हस खुशाल! पण ‘क्राउड आउट’ म्हणजे काय ते आधी कळव. सरांनी त्यावर घरातलंच वाक्य करून आणायला सांगितलंय.

घरात आहे काय? घड्याळं! निवृत्त झाल्यापासून तुझे काका गल्लीभराची बंद घड्याळं दुरुस्तीला घेतात. नाही म्हणायला जीभच रेटत नाही त्यांची. माझं शिलाई मशीन सरकत सरकत न्हाणीच्या दाराशी गेलंय. तिथे उजेड नाही, ओल मात्र भरपूर. शाळेच्या गणवेशांचं काम परत करून मशीन विकून टाकावं म्हणते. फार वाईट वाटतं गं.

बाकी सगळे मजेत. लोभ ठेव, उत्तर लवकर धाड.

तुझी मावशी

७ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

हसले, पण कौतुकानं! क्राउड आउट म्हणजे एकानं इतकं पसरायचं की दुसऱ्याला जागाच उरू नये. मुद्दाम कुणी हाकलत नाही, तरी त्याला बाहेर पडावंच लागतं. तण रोपांना क्राउड आउट करतं, ऑफिसचं काम आपल्या छंदांना. तुझं वाक्य तर घरात टिकटिक करतंय.

आणि खबरदार मशीन विकलंस तर! माझे सगळे फ्रॉक त्याच्यावर शिवलेत. काकांशी बोल ना एकदा.

माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी मास्तरीण

१५ फेब्रुवारी

चि. मास्तरीणबाई हिस,
अ. उ. आ.

बोलायची वेळच आली नाही. घड्याळांनी माझं मशीन क्राउड आउट केलं, हे वाक्य मी इंग्रजीत घोकत होते. काकांनी अर्थ विचारला, तो तू लिहिलास तसाच सांगितला. हातातलं घड्याळ ठेवून ते न्हाणीपाशी गेले, मशीनचं गंजलेलं चाक फिरवून पाहिलं. त्यांना म्हणे वाटलं होतं, तिथे गार वाटतं म्हणून मीच मशीन हलवलं! मी कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी दुरुस्त घड्याळं ज्याची त्याला पोचवून आले, उरलेली भिंतीवर टांगली. मशीन खिडकीपाशी आलं. चाकाला तेलही त्यांनीच घातलं. गणवेश शिवायला घेतलेत. दुपारी बारा वाजता कानठळ्या बसतात, पण चालायचंच.

सरांनी वाक्याला पैकीच्या पैकी गुण दिले. काकांनी मात्र वही मागून घेतली आणि खाली पेन्सिलीनं शेरा मारला, वाक्य बरोबर, माहिती जुनी.

लोभ आहेच. फ्रॉकचं नवं माप धाड, जुन्यात आता तू मावायची नाहीस.

तुझी मावशी