ग्लास धुतलेला नव्हता

तीर्थरूप दादांच्या चरणी धाकट्याचा नमस्कार. मान खाली घालूनच करतो आहे, आणि या वेळी ती नुसती रीत म्हणून घातलेली नाही. तुमचा रक्तदाब कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? (थांबला नसेल तर मागच्या पत्रात मी सुचवलेला काढा कृपा करून देऊ नका. माझ्या सुचवण्यांवरचा माझाच विश्वास उडाला आहे.) आम्ही दोघं गेल्या शनिवारी सहलीहून सुखरूप परतलो. सुखरूप म्हणजे हातपाय जागच्या जागी आहेत. बाकी मी कोणाला तोंड दाखवण्याच्या लायकीचा राहिलेलो नाही, म्हणून पत्र. फोनवर तुमचा आवाज ऐकला असता तर हवापाण्यावर बोलून ठेवून दिला असता.

सुनेने आमच्या लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला ही सहल दिली. द्राक्षांचे मळे बघायचे, तिथे होणारी वाइन चाखायची आणि तिथल्याच रेस्टॉरंटात जेवायचं. तुम्ही म्हणाल, जन्मभर डेअरीत दूध चाखलेल्या माणसाला वाइनमधलं काय कळणार. दादा, मलाही तेच वाटायला हवं होतं. पण पहिल्याच मळ्यावर घात झाला. वाइन तोंडात घोळवून समोरच्या भांड्यात थुंकायची तिथे पद्धत आहे. बाकीचे पाहुणे लाजत होते, गिळत होते, एकाने तर स्वतःच्या शर्टावर घेतली. मी मात्र डेअरीच्या धक्क्यावर रोज दुधाचे तीनशे कॅन चाखून थुंकलेला माणूस. दोन हातांवरून नेमकं भांड्यात, इकडेतिकडे थेंब नाही. लोक वळून बघायला लागले. कोणीतरी अदबीने विचारलं, आपण याच क्षेत्रातले का? मी म्हटलं, एकतीस वर्षं चाखण्याचंच काम केलं. (हे खोटं नाही. काय चाखलं ते त्यांनी विचारलं नाही.) तिथून मी जो हरभऱ्याच्या झाडावर चढलो तो दुसऱ्या दिवशीही उतरायला तयार नव्हतो, आणि आमची ही खालून "पुरे आता" म्हणून थकली.

दुसरा मळा मोठा होता. चाखायच्या खोलीत लांब लाकडी टेबल, त्याभोवती आम्ही आठ पाहुणे, कोपऱ्यात बेसिन. वाइन ओतायला पन्नाशीच्या एक बाई होत्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. आधी एका ग्रंथालयात होत्या, ते बंद पडलं, म्हणून तीन आठवड्यांपूर्वी इथे लागल्या; महिना भरेपर्यंत मॅनेजरला पसंत पडल्या तर नोकरी पक्की. हे सगळं त्यांनीच हसत सांगितलं. ग्लासही त्याच धुवायच्या, पुसायच्या, उजेडात धरून बघायच्या. फार मन लावून काम करत होत्या हो. ते मी तेव्हाच बघितलं होतं, म्हणून तर आता जास्त लागतं.

पहिला ग्लास आला. मी तुम्ही शिकवलेल्या पद्धतीने घेतला. आठवतं ना, नमुन्याच्या वाटीवर तळहात घट्ट दाबायचा, वाटी हलवायची, हात उचलला की लगेच नाक. कोंडलेला वास एकदम वर येतो आणि नासलेलं दूध लपत नाही. तसाच ग्लास झाकला, हलवला, हात उचलला, आणि दादा, काय वास. कापूर, निलगिरी, दवाखाना. मी ग्लास खाली ठेवला आणि धक्क्यावरच्या आवाजात जाहीर केलं की ग्लास नीट विसळलेला नाही, धुण्याचं औषध राहिलं आहे. बाईंनी माफी मागून दुसरा दिला. मी झाकला, हलवला, तोच वास. तिसरा माझ्यासमोर कढत पाण्याने धुतला. तोच वास. मॅनेजर धावत आले, त्यांनी मी झाकलेल्या ग्लासात नाक घातलं आणि त्यांचाही चेहरा वाकडा झाला. मला वाटलं, आहे, नाकात दम आहे अजून. बाकीच्या पाहुण्यांनीही आपापले ग्लास बाजूला सारले. (त्यांच्या ग्लासांना कसलाही वास नव्हता, पण माझ्यासारख्या जाणकारापुढे तसं म्हणायची कोणाची छाती होईना.)

बाई चौथा ग्लास धुवायला बेसिनकडे वळल्या. तेवढ्यात मी, आपण गहन विचारात आहोत असं दिसावं म्हणून, हनुवटी तळहातावर टेकवली आणि कापूर थेट मस्तकात गेला. वास ग्लासाला नव्हता, माझ्या हाताला होता. गाडीतून उतरताना गुडघा ठणकत होता म्हणून हिने बामाची डबी पुढे केली, मी बाम चोळला, आणि हिने घाई केल्यामुळे हात धुवायचा राहिला.

आता खरी लाज वाटण्याची गोष्ट सांगतो. मॅनेजर तोवर कोणाला एक अक्षर बोलले नव्हते. माझं एक वाक्य पुरलं असतं. हसले असते लोक, फार तर संध्याकाळपर्यंत. पण एकतीस वर्षं ज्या नाकाच्या जोरावर मी लोकांचे कॅन परत पाठवले ते नाक चारचौघांत कापून द्यायचं, या विचाराने माझी दातखीळ बसली. मॅनेजर सगळ्यांदेखत बाईंना म्हणाले की ज्यांना ग्लास धुता येत नाही त्यांचं इथे पुढे काय करायचं ते महिना भरला की बघू. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मी खिडकीतून द्राक्षांकडे बघत राहिलो.

एवढ्यावर भागलं नाही. मॅनेजरांनी झाल्या प्रकाराची भरपाई म्हणून आम्हा दोघांना दुपारचं जेवण दिलं, पाच पदार्थांचं, आणि वाढायला त्याच बाईंना उभं केलं. मी आधी जाऊन तीनदा साबणाने हात धुतले, चोराने ठसे पुसावेत तसे. मग मश्रूमचं सूप आलं, भाजलेला मासा आला, मटण आलं, चीज आलं, वाइनमध्ये शिजवलेलं नासपती आलं. मी सगळं खाल्लं. घशाखाली उतरत नव्हतं असं लिहिलं असतं, पण तुमच्यापाशी खोटं कशाला, उत्तम उतरलं. प्रत्येक ताटली उचलताना बाई क्षणभर थांबायच्या आणि विचारायच्या, अजून काही होतं का? मी दोनदा ब्रेड मागितला. टेबलाखाली हिने माझ्या दुखऱ्या गुडघ्यावर लाथ घातली आणि तेव्हापासून ही माझ्याशी बोललेली नाही. चहा मिळतो, पण कप टेकवल्याचा आवाज नको तितका होतो.

परवा मी मॅनेजरांना फोन लावला. त्यांनी आवाज ओळखून माझ्यासारखे जाणकार आता उरले नाहीत असं म्हटलं, आणि मी रेस्टॉरंटच्या वेळा विचारून ठेवून दिला. पत्रही चार वेळा लिहायला घेतलं. चारही वेळा दुसऱ्या परिच्छेदापर्यंत माझं नाक किती तीक्ष्ण होतं याचीच कहाणी झाली. बाईंचा महिना या शनिवारी भरतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा नालायक,
धाकटा

ता. क. हिने वरचं पत्र वाचलं आणि बामाच्या ओळीवर बोट ठेवलं. तर दुरुस्ती अशी: डबी मीच मागितली होती, घाई मीच केली, आणि ही साबण घेऊन मागे आली तेव्हा हातांची स्वच्छता मला शिकवू नकोस असंही मीच म्हणालो.

ता. क. २. एवढं लांबण लावलं ते एका मागणीसाठी. शुक्रवारी माझ्याबरोबर त्या मळ्यावर चला. तुम्ही बोलायचं नाही, नुसतं माझ्या मागे उभं राहायचं. एकटा गेलो तर दारातून परत येईन, हे मी स्वतःला चांगला ओळखून लिहितो आहे.

ता. क. ३. पाकीट चिकटवताना ही आज बोलली. मी हात धुवायला गेलो तेव्हाच तिने बाईंना सगळं सांगून टाकलं होतं आणि मॅनेजरांकडे जायला उठलीसुद्धा होती. बाईंनीच तिला हाताला धरून बसवलं आणि गप्प राहण्याचा शब्द घेतला. म्हणाल्या, राहू द्या, जेवण झालं की ते स्वतःच सांगतील, तोंडावरून भले दिसतात. दादा, तुम्हाला शुक्रवारी जमत नसलं तर कळवू नका. मी उद्याच पहिल्या गाडीने निघतो आहे.