मांडीवर घेतलेला

६ ऑक्टोबर, रविवार

आलो एकदाचा अमरावतीत. शेंदूरजनाघाटहून वरुड, वरुडहून इथे. अर्धा रस्ता उभ्याने आणि उरलेला एका आजोबांच्या कांद्याच्या पोत्यावर बसून. सहदेव सरांची भरतीपूर्व अकॅडमी राजापेठेत आहे. खाली मोबाइलचं दुकान, वर आम्ही. एका खोलीत आठ पोरं, आठ पेट्या आणि एक पंखा. भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलंय की आज घाम गाळा, उद्या रक्त वाचेल. त्याखाली कोणीतरी पेन्सिलने लिहिलंय की आधी नळाला पाणी येऊ द्या. मला ही जागा फार आवडली.

सर निवृत्त हवालदार आहेत. रोज चार ओळी लिहिणारा पोरगा शिस्तीत राहतो, असं त्यांचं म्हणणं, म्हणून ही वही. नाव विचारलं तेव्हा मी छाती काढून नितेश सांगितलं, तर सर म्हणाले, छाती मैदानावर काढ. साडेसतरा वर्षं मला याच महिन्यात पूर्ण होतात आणि सैन्याला साडेसतरा चालतात. मिसरूड मात्र अजून मनावर घेत नाही.

९ ऑक्टोबर

पहाटे बडनेरा रोडवर धावलो. माझ्या पुढे एकटा संघपाल होता. तो चांदूर रेल्वेचा, माझ्या शेजारच्या गादीवरचा. बोलतो कमी, घोरतो जास्त.

मेस माणिकबाई चालवतात. मागच्या खोलीतच राहतात. भाकरी अशी की भाजी नसली तरी चालेल. त्यांचा एकुलता मुलगा कुलदीप साडेसतराचा असताना फौजेत गेला आणि बर्फात गाडला गेला. परत काहीच आलं नाही. संमतिपत्रावर सही त्यांनीच केली होती, हे त्या भाकरी थापता थापता सांगतात. त्यांच्या भिंतीवर वर्दीतल्या पोरांचे फोटो आहेत. कोणी काळा, कोणी गोरा, एकाचे दात पुढे. हे सगळे माझेच, असं म्हणाल्या. मला वाटलं, मेसवाल्या बाईला सगळेच लेक.

१४ ऑक्टोबर

गाडं इथेच अडलं. अठरा पूर्ण नसलेल्याला पालकांचं संमतिपत्र लागतं. बाप मी पाळण्यात असतानाच गेला, म्हणजे पालक एकटी आई. आई, मैनाबाई, संत्र्याच्या शेडमध्ये माल निवडते. डागी फळ तिच्या हातातून सुटत नाही, तसा मीही सुटलो नाही. फोनवर तासभर हातापाया पडलो. ती एवढंच म्हणाली, "अठरा होऊ दे. अर्धवट लेकरू मी कोनाले देत नाई."

तोवर ही भरती निघून जाईल. संघपालच्या बापाने चष्मा लावून, दोनदा वाचून का होईना, सही केली. मला आईचा भयंकर राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही.

१७ ऑक्टोबर

प्रश्न सुटला. जेवणानंतर माणिकबाईंनी बोलावलं. म्हणाल्या, "मायले काहून तरास देतं? मी हाव ना. मांडीवर घेतो तुले, मंग सही माही."

आमच्याकडे दत्तक असाच घेतात. देणारा मूल मांडीवर ठेवतो, घेणारी विचारते कोण देतं, देणारा म्हणतो मी दिलं. मला हसू आलं. एवढा घोडा, त्या म्हातारीच्या मांडीवर टेकलो. त्यांनी माझं डोकं हुंगलं, तोंडात गुळाचा खडा घातला आणि तीनदा विचारलं, लेकरू कोण देतं? देणारं कोणी नव्हतंच. मग मीच म्हणालो, मी देतो.

दारात संघपाल उभा होता. नंतर म्हणाला की अठरा नाहीत म्हणून तुझी सही चालत नाही, मग तू स्वतःला देतोस कसा? मी म्हटलं, गूळ खाल्ला रे, विष नाही. तो हसला नाही.

माणिकबाईंनी सही केली. रात्री गाढ झोप लागली.

२१ ऑक्टोबर

आईला फोन केला. राग गेला होता, सांगून टाकावं म्हटलं. ती म्हणाली, "कोन बोलून राहिलं बापा?" मी नाव सांगितलं. म्हणाली, नंबर चुकला असंल. पुन्हा लावला. तिने अगदी सभ्यपणे तेच सांगितलं. माझी आई माझ्याशी कधीच सभ्यपणे बोलत नाही.

रुसली असेल. दिवाळीला जातोच आहे.

१ नोव्हेंबर

हे नीट लिहितो, नाहीतर मला वेड लागलंय असं मलाच वाटेल.

घरी गेलो. आई अंगणात सडा टाकत होती. मी पाया पडलो तर मागे सरकली. विचारलं, "कोनाचा तू, बाबू?" मी हसलो, चिडलो, मग रडलो. तिने मला पाणी दिलं, ओट्यावर बसवलं, चिवडा दिला. परक्याच्या लेकराला देतात तसा. मला मूल नाही म्हणाली. खुंटीवर माझे शर्ट होते. ते दाखवले तर तिने खुंटीवरून काढून घेतले. कोणाचे ते तिला सांगता येईना. ती एकेक शर्ट हुंगून बघायला लागली, म्हणून मी उठलो.

संध्याकाळी अमरावतीला परतलो. माणिकबाईंनी ओवाळायला ताट तयार ठेवलं होतं. मी येणार हे त्यांना माहीत होतं.

७ नोव्हेंबर

अकोल्याला भरती झाली. पळालो. पहिल्या गटात आलो. आनंद झाला नाही.

कागद तपासताना मला वाटलं, आता पकडणार. दहावीच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव मैना आहे आणि संमतिपत्रावर सही माणिकची. मनातून पकडावं असंच वाटत होतं. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि मान डोलावली. मी वाकून पाहिलं. गुणपत्रिकेवर माणिक छापलं होतं. खाडाखोड नाही. जुना कागद, जुनी शाई.

संघपालने मैदानावर मला हाक मारली. 'कुलदीप' म्हणून. मी ओ दिली.

१० नोव्हेंबर

माणिकबाईंच्या खोलीत गेलो. भिंतीवरचे फोटो सगळे एकाच पोराचे आहेत. पुढे दात असलेला कुठेच नाही. शेवटी एक रिकामी चौकट. पुसून ठेवलेली.

मला भीती वाटते. सरांना सांगितलं. ते म्हणाले, फौजेत जाण्याआधी सगळ्यांनाच वाटते, कुलदीप.

१२ नोव्हेंबर

माणिकबाईंचे पाय धरले. मला सोडा म्हटलं. त्या रागावल्या नाहीत, माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. आपल्या हाताने सही करून पोरगं धाडलं आणि हाती काही आलं नाही, तेव्हापासून प्रत्येक पोरात तोच शोधते, असं म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मलाही रडू आलं, आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

मग म्हणाल्या, "ज्यानं देल्लं त्यानंच परत मांगा लागते. नाव घेऊन मांग, देतो."

एवढंच? मी उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, माझा कुलदीप मला परत द्या.

माझ्याच तोंडून. मी तर दुसरं काही —

१५ नोव्हेंबर

आईचा चेहरा आठवतो तर भाकरी थापणारा आठवतो. नाही. ती संत्री निवडते. संत्री. शेड. हात पिवळे. हे रोज लिहायचं.

नाव मागच्या पानांवर आहे. पहिल्याच दिवशी लिहिलं होतं. बोट ठेवून वाचलं. जे वाचतो ते कुलदीपच वाचतो — डोळे की काय —

संघपालला विचारलं, माझं खरं नाव सांग. तो म्हणाला, काहून मजाक करतं बे. थट्टा नव्हती. त्याला खरंच —

१८ नोव्हेंबर

उद्या ट्रेनिंगला निघायचं. पेटी भरून ठेवली आहे. कोणी भरली?

चौकट आता रिकामी नाही.

१९ नोव्हेंबर, सकाळ

संघपाल धावत वर आला. खाली दुकानापाशी एक बाई उभी आहे. राजापेठेतल्या सगळ्या अकॅडम्या पालथ्या घालून आली. पोराचे शर्ट उराशी धरलेत. म्हणते, "माह्यं लेकरू इथं हाय. नाव आठवून नाई राहिलं."

खिडकीतून पाहिलं. हात पिवळे.

माणिकबाई खाली गेल्या. भांडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, नाव सांग आणि घेऊन जा.

ती सांगू शकत नाही. तोंड उघडते, मिटते. शर्टांकडे बघते —

मी ओरडलो तर ते दुसरंच नाव येईल. लिहितो. लिहून देतो, संघपाल वाचून दाखवेल. हाताला तरी आठवत असेल —

ती वळली. नको. थांब.

आई, जाऊ नकोस. मी वर आहे, खिडकीत. मी तुझाच. अजून अठरा झालो नाही, तू दिलं नाहीस मला, मीच — परत मागतो. नाव घेऊन मागतो. माझं नाव कु