हातची की मशीनची

शर्क, कुवेत

प्रिय आत्या,

तुला वाटतं मी मसाल्याच्या कंपनीत आहे. आम्ही लवंगेच्या सिगारेटी मागवतो, जावा बेटावरून. म्हणून हे पत्र मी टाकणार नाही.

आमचा माल तिथल्या एका जुन्या कारखान्यातून येतो, तो आता फार वाढलाय. आज त्यांच्या माणसाने व्हिडिओ दाखवला. ओळीने बसलेल्या बाया तुझ्यासारख्याच मान खाली घालून सिगारेटी वळत होत्या. आमचे शैलेशसर म्हणाले, "पुढचा माल हातचा घ्यायचा की मशीनचा? योगिनी, तू शिकलेली, तू ठरव."

मशीनचा म्हटलं तर त्यांचं काम जाईल. हातचा म्हटलं तर त्यांनाही तुझ्यासारखा खोकला लागेल. सिन्नरचा विडी कारखाना बंद होता तेव्हा तुझा खोकला थांबला होता, आणि तू रोज रडायचीस. मला काहीच कळत नाही.

मी विचारलं, "त्या बायांना काय हवंय?"

सर हसले. "अगं, गिऱ्हाईक आपण आहोत. त्यांना कोण विचारतं?"

मला राग आला. मग आठवलं, तुझ्या विड्यांवर मी पदवीधर झाले, पण तुला काय हवं होतं हे मीही कधी विचारलं नाही.

उद्या उत्तर द्यायचंय.

तुझीच,
योगिनी