तुझ्या नावानं बोलले ते

लिपोव्ये
२१ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रिय आल्बिना,

पाकिटावरचं अक्षर पाहून दचकली असशील. बावीस वर्षांत मी तुला वर्षाला एक नाताळचं कार्ड पाठवत आले, तेही आईची नजर चुकवून, आणि त्यात 'आम्ही ठीक आहोत, तुम्हीही असाल' यापलीकडे कधी काही नसायचं. एवढं लांबलचक पत्र मी कुणालाच कधी लिहिलेलं नाही. हे चौथ्यांदा लिहायला घेतलंय. आधीचे तीन कागद चुलीत गेले.

आमच्याकडे काय झालं ते तिकडे ग्राझच्या बातम्यांत दाखवलं असेल. तीस जानेवारीला पाऊस सुरू झाला. अगदी साधा, रिमझिम. पण जमीन गोठलेली होती, आणि पाऊस ज्याला शिवेल त्याच्यावर काच होऊन बसायचा. पहिल्या सकाळी, खोटं कशाला बोलू, फार सुंदर दिसत होतं सगळं. कुंपणाची तार, कपड्यांची दोरी, अक्रोडाची एकेक डहाळी झळाळत होती. दुपारपर्यंत दोरी मनगटाएवढी जाड झाली आणि तुटून पडली. मग जंगलातून आवाज यायला लागले, बंदुकीचे बार काढावेत तसे. डोंगरावरची अख्खीच्या अख्खी झाडं मोडत होती. संध्याकाळी दिवे गेले ते अकरा दिवस आले नाहीत. विजेचे लोखंडी मनोरे गुडघे टेकल्यासारखे शेतात वाकून बसले होते.

मी आधी बागेकडे धावले. आलुबुखाऱ्याच्या फांद्या जमिनीला टेकायला आल्या होत्या. बर्फ झटकावा म्हणून झाडू घेऊन गेले, तर शेजारचा लोय्झे कुंपणापलीकडून ओरडला. तोच लोय्झे, ज्याच्या सायकलच्या दांड्यावर बसून तू शाळेत जायचीस. अजून एकटाच आहे, अजून तसाच तिरकस बोलतो. म्हणाला, "ए बाई, हलवू नकोस त्यांना! हात लावलास तर काडकन मोडतील. आणि तुझं डोकं फुटलं तर टाके घालायला इथे मीच आहे, आणि मला फक्त पोत्याचे टाके येतात." मग आम्ही दोघांनी घेवड्याच्या वेलाचे खांब आणून फांद्यांना खालून टेकू दिले. पाच झाडं तशी तगली. अक्रोड मात्र दुसऱ्या दिवशी मधोमध चिरला. लोय्झे जरा वेळ टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, "चार हिवाळ्यांचं सरपण झालं. आभार मान." मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

पातीच्या कांद्यांवर मी पेंढा आणि वरून फळ्या घातल्या. कोबीचा एक गड्डा काढायचा तर हातोड्यानं बर्फ फोडावा लागायचा. सरपणाच्या खोलीचं दार गोठून चिकटलं, ते कुऱ्हाडीनं उघडलं. पंप विजेचा, म्हणून पाणी म्हणजे बादलीत वितळवलेला बर्फ. आईचा पलंग मी ओढत ओढत स्वयंपाकघरात आणला, घर तापवणाऱ्या भट्टीच्या भिंतीला लावून. चिंचोळ्या खिडकीतून येईल तेवढा उजेड, एक रॉकेलचा दिवा, आणि चुलीवर दिवसभर घेवडा आणि आंबट कोबी रटरटत.

आईचं तुला कार्डात कधी लिहिलं नाही. दोन वर्षांपासून तिची आठवण विरत चालली होती. आधी मीठ दोनदा घालायची, मग चर्चमधून घरी येताना रस्ता चुकायला लागली. मला कधी मावशीच्या नावानं हाक मारायची, कधी शिक्षिकाबाई म्हणायची. पण हट्ट आणि जीभ दोन्ही शाबूत होती. मी बागेत काम करताना खिडकी वाजवून ओरडायची, "असं छाटतात का? केस कापतेयस का कुणाचे?" तू गेल्यापासून तिनं तुझं नाव घेतलेलं मी एकदाही ऐकलं नव्हतं. आणि जे तिनं केलं त्याबद्दल मीही तिला कधी विचारलं नाही. रस्त्याच्या कामावर आलेल्या बोस्नियातल्या मुसलमान मुलाशी, नुसरेतशी, लग्न करणार म्हणालीस म्हणून तिनं तुझी पेटी अंगणातल्या बर्फात फेकली आणि आतून कडी लावली. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, तुझ्याहून तीन वर्षांनी मोठी, आणि जिन्यावर बसून होते. ती कडी माझ्या हाताला लागण्यासारखी होती. मी काढली नाही.

वादळाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी लोय्झे आला. त्याच्या गाईंचं यंत्र बंद, सात गाई तटतटून हंबरत होत्या, आणि एकट्याच्या हातानं धार काढून त्याची बोटं सुजली होती. मी म्हटलं, येते तासभर. आई झोपली होती. मी भट्टीत लाकूड घातलं, दार ओढून घेतलं. कुलूप लावलं नाही, आल्बिना, कारण आग लागली तर ती आत अडकेल असं वाटलं. कशाला भ्यायचं आणि कशाला नाही, हे माणसाला कधी कळतं?

परत आले तेव्हा दार सताड उघडं होतं. ती बागेच्या फाटकापाशी पडली होती. अंगात रात्रीचा झगा, एका पायात सपात, दुसरा पाय अनवाणी, आणि केसांच्या टोकांना बर्फाचे मणी. एका हातानं तिनं फाटकाची दांडी घट्ट धरून ठेवली होती. माझी हाक ऐकून लोय्झे धावत आला; आम्ही सरपणाच्या खोलीचं दार काढून आणलं आणि तिला त्यावर घालून आत नेलं. शुद्धीवर होती. मी रागानं, भीतीनं ओरडलेच, "अगं आई, कुठे निघाली होतीस?" ती अगदी समजावल्यासारखी म्हणाली, "पोरगी केव्हाची बाहेर उभी आहे. थंडी केवढी आहे. फाटक उघडायला गेले होते."

तिचा खुबा मोडला होता. रस्त्यावर चारशे पावलांत साठ-सत्तर झाडं आडवी पडलेली, फोन मुका. लोय्झे करवत घेऊन गावातल्या अग्निशमन दलाच्या स्वयंसेवकांबरोबर रस्ता मोकळा करायला गेला. अंधार पडेपर्यंत कापायचे, तेवढ्यात मागे नवी झाडं पडायची. दुसऱ्या दिवशी दुपारी गावातली परिचारिका चालत, घसरू नये म्हणून बुटांना दोर बांधून आली. दुखणं कमी व्हायची सुई दिली, छातीला नळी लावली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "फुप्फुसात पाणी आहे. जवळ बसा त्यांच्या."

मी जवळ बसले. तीन वाजले असतील. आईनं डोळे उघडले, माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "आल्बिना, आलीस का गं?" मी दोन वर्षं तिला सुधारत आले होते, आई, मी झोफ्का. त्या दिवशी नाही सुधारलं. म्हणाले, "आले, आई." तिनं माझे हात चाचपले. म्हणाली, "किती गारठलेयत." आणि मग, "बाळ कुठंय?"

आल्बिना, बाळाचं तू मला वेगळं कळवलं होतंस, पण मला वाटायचं तिला ठाऊकच नाही. तिच्या नावाचं तुझं ते पत्र आलं तेव्हा तिनं पाकीट न फोडता चुलीत टाकलं असं ती म्हणाली होती, मी पाहिलं नव्हतं. तिनं ते वाचलं होतं. सहा दिवस, ती म्हणाली, सहाच दिवस जगलं ना ते. मुलगा होता. सगळं तिच्या ध्यानात होतं. तू लिहिलं होतंस ना, नुसरेत कामावर असताना तू एकटीच त्याच्याजवळ बसली होतीस, तेसुद्धा. "त्याच्या मातीला मी आले नाही," ती म्हणाली. "स्टेशनापर्यंत आले होते. तिकीट काढलं होतं. गाडी आली आणि मला लाज वाटली. तुझी नाही. माझी. कोणत्या तोंडानं येऊ?" एवढं बोलून ती दमली. मी तिच्या ओठांना ओला कापूस लावला. मग तिनं विचारलं, "मला माफ केलंस का गं?"

मी म्हटलं, "केलं, आई." तिला ऐकू गेलं नसावं. पुन्हा विचारलं. मी तोंड तिच्या कानाशी नेऊन म्हटलं, "केलं. कधीच केलं. झोप आता." तिनं मान हलवली. त्यानंतर ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्री थांबलेली परिचारिका चूल पेटवत असताना, आई गेली.

गावानं तिला वादळाच्या आठव्या दिवशी पोचवलं. कबर खणायला आधी जमिनीवर विस्तव पेटवावा लागला. तुला तार करायची तर तारा सगळ्या जमिनीवर लोळत होत्या, हे खरं. पण टपाल सुरू झाल्यालाही आता आठवडा झाला, हेही खरं. 'आई गेली' एवढंच कळवून बाकीचं गिळून टाकता आलं असतं मला. चुलीत गेलेल्या त्या तीन कागदांवर तेवढंच होतं.

पण ते माफ करणं माझं नव्हतं, आल्बिना. ते तुझं होतं, आणि मी तुला न विचारता देऊन टाकलं. बंद दारापलीकडे मी उभी नव्हते, त्या बाळाला मी मांडीवर घेतलं नव्हतं. तरी मी तुझ्या तोंडानं बोलले, कारण समोर माझी आई मरत होती आणि तिला दुसरं काही नको होतं. माझ्यासाठी मी तुझ्याकडे काही मागत नाही. जिन्यावर बसून राहिलेल्या माणसानं कोणत्या तोंडानं मागावं? फक्त एवढं सांग, मी बोलले ते तू खरं करशील का. लगेच नको, सवडीनं. आणि नाहीच जमणार असेल, तर तसंही कळव, मला राग येणार नाही. मी तिच्या कबरीवर जाईन आणि तिला सांगेन की ती मी होते.

तुझीच,
झोफ्का