वाटणी केलेला लॅपटॉप

कुंभार पिंपळगाव,
१२ ऑगस्ट २००९

ती. धर्मराजदादास,
शिवकन्येचा नमस्कार. पुण्याच्या पाण्याने तुझं पोट बिघडत नसेल आणि वहिनी तुला वेळेवर जेवू घालत असतील, असं तुझी आई, म्हणजे माझी मोठी आई, धरून चालली आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.

मी पदवीधर झाले म्हणून तू पाठवलेला लॅपटॉप बंद पडला आहे. दोष माझा. शाळेतल्या मुलींना फुकटातली प्रणाली शिकवावी (ज्ञानाला कुलूप नसावं, हे माझं मत तुला माहीत आहे), म्हणून मी डिस्कचे दोन भाग करून विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवलं. नंतर बटण दाबलं तर काळा पडदा आणि एक मिचमिचणारी रेघ. मोठ्या आईने लगेच मीठमोहऱ्यांनी त्याची दृष्ट काढली. (एक मोहरी अजून बटणांखाली वाजते.)

खरा घोळ जेवताना झाला. मी म्हणाले, "मी सरळ वाटणी केली, अर्धी-अर्धी. तेव्हापासून सुरूच होईना." गेल्या पोळ्याला तू वाटणीचं बोललास, मोठे बाबा ताटावरून उठले आणि तू संध्याकाळच्या गाडीने गेलास, तेव्हापासून तो शब्द या घरात कोणी काढलेला नाही, हे मी साफ विसरले. माझ्या अप्पांनी मला डोळ्यांनी दटावलं. मोठे बाबा मात्र भाकरी मोडता मोडता थांबले.

"कोणाकोणात केली?"

"विंडोज आणि लिनक्समध्ये."

"सख्खे का चुलत?"

मी समजावलं, की भांडण कसलंच नाही, दोघांचं सगळं जागच्या जागी शाबूत आहे, फक्त सुरुवातीला कोणाला हाक मारायची तेवढं यंत्र विसरलं आहे. मोठ्या बाबांनी हातातला तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाले, "हाक मारायचंच राह्यलं म्हण की."

हात धुऊन आल्यावर त्यांनी लॅपटॉप आपल्या धुतल्या उपरण्यात गुंडाळून देवळीत ठेवला आणि वर्षात पहिल्यांदा तुझं नाव घेतलं. "धर्मराजला कळतं ना त्यातलं? मंग बोलाव जल्दी. यंत्रासाठी म्हणावं. माझं नाव घेऊ नको." (म्हणून मी घेतलेलं नाही, असं समज.)

तेव्हा पोळ्याच्या आत ये.

तुझी,
शिवकन्या

ता. क. येताना लिनक्सची सीडी आण.

ता. क. सीडी नको. खरं सांगायचं तर माझ्याकडच्या सीडीवरून लॅपटॉप परवाच सुरू झाला. घरात सांगितलेलं नाही. मोठे बाबा रोज "उठला का?" विचारतात आणि मी, एक शिक्षिका, रोज "नाही" म्हणते. तू आला नाहीस तर मला तो पुन्हा बिघडवावा लागेल.

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी हेही लिहिते. आज मुलींना शिकवत असताना मोठे बाबा दारात येऊन उभे राहिले. पडदा लख्ख उजळलेला, मुली चित्रं रंगवत बसलेल्या. त्यांनी नीट सगळं पाहिलं आणि म्हणाले, "न्हाई ना झाला चालू अजून? बराबर. धर्मराज आल्याबिगर कसा व्हईल."