चोरीला गेलेली दोन पानं

मंगळवार, ९ डिसेंबर २०२५, दिग्रस

मी काम करतो त्या वाचनालयातून आज एक विनोदी रहस्यकथा मुद्दाम घरी आणली. तिच्यातला गुप्तहेर जुन्या, अभिजात कादंबऱ्यांत शिरून चोर शोधतो. शिवणकामाचं दुकान चालवणाऱ्या निर्मलाताईंनी ती सकाळी परत केली, तेव्हा मी नेहमीसारखी पानं मोजली. ११२ नंतर एकदम ११५. सगळ्यांसमोर म्हणालो, "पान फाडलं तुम्ही."

"मी कायले फाडू, भाऊ? पुस्तकच तसं आहे. वाचून त पाह्य."

"पुस्तकं अशी नसतात." असं म्हणून वहीत त्यांच्याकडून चूक लिहून घेतली. त्यांनी सही केली.

आत्ता वाचलं. ११५ वर गुप्तहेर म्हणतो, "मधली दोन पानं चोरानं पळवली. छापखान्याला दोष देऊ नका." पुस्तकाच्या शिवणीपाशी फाटल्याची खूणही नाही. ११२ नंतर ११५ असंच छापलंय. दहावी नापास मी, आणि त्यांना सांगितलं पुस्तकं कशी असतात.

आरोप सगळ्यांसमोर केला, पण माफी त्यांना एकटं गाठून मागावी, असंच मनात येतंय. याचीच जास्त लाज वाटते. उद्या त्या येतील का? नाही आल्या तर त्यांच्या दुकानात जायचं, आणि गिऱ्हाइकं बसलेली असतानाच बोलायचं.