क्लॅरीने वाचवलेली माणसे

एस्परन्स, रविवार

आदरणीय एडनाताई,

तुझा गुडघा आता बरा असेल, असे धरून लिहितो. देव नसला आणि मरणानंतर काहीही नसले, तरी आयुष्य अर्थपूर्ण असू शकते, हे मला या पत्रात सिद्ध करायचे आहे. चर्चमधून आल्यावर निवांत वाच.

शुक्रवारी क्लॅरीला शेवटचा निरोप दिला. आमच्या किनाऱ्यावर बुडणाऱ्यांना बाहेर काढण्यात त्याचा जन्म गेला. पाद्री नको, असे त्याने बजावले होते. म्हणून भाषण माझ्याकडे आले. लाटांवर खेळणाऱ्यांनी आपापल्या फळ्यांवर बसून समुद्रात रिंगण केले आणि त्याची राख सोडली. मी म्हणालो, "आपण त्याची आठवण ठेवतो, म्हणून त्याचे जगणे सार्थ आहे."

चहाच्या वेळी त्याच्या बायकोने, नोरीनने मला गाठले. "मास्तर, आपण सगळी म्हातारी. उद्या आठवण ठेवायला कुत्रं उरणार नाही. मग माझ्या नवऱ्याचं जगणं फुकट गेलं म्हणायचं?"

 मग तीच हसली. "अहो, त्यानं ओढून काढलेले निम्मे तर दारू प्यालेले! त्याच्या अंगावर ओकले आणि नावही न विचारता गेले. पण घरी जेवायला पोचले ना? झालं तर!"

डॉक्टरांनी मला पोहणे तूर्त थांबवायला सांगितले आहे. झोप मात्र उत्तम लागते. तू औषध वेळेवर घेतेस ना?

नोरीनच्या उत्तराने सिद्धांत टिकला, माझी मांडणी मात्र सदोष होती. परलोक नाकारून त्याच्याच जागी मी लोकांची स्मृती बसवली. ही चूक मला मान्य आहे.

तुझा धाकटा भाऊ,
ॲलिस्टर